आईची पेनल्टी

जपान-कोरियात फुटबॉलचा विश्वचषक चालू होता, तेव्हा कोल्हापुरात एका टीव्हीच्या दुकानदाराने मैदानावर मेळा भरवला होता. मोठ्या पडद्यावर सामने, गालावर झेंडे रंगवून देणारे कलाकार, थर्माकोलच्या विश्वचषकासोबत फोटो आणि कोपऱ्यात खराखुरा गोलपोस्ट. कुणीही यावं आणि पेनल्टी मारावी.

मी आईला नेलं ते पडदा दाखवायला. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात वडील पेठेच्या संघातून फुटबॉल खेळले, मी खेळलो आणि दोघांच्या जर्सी आईने धुतल्या. चिखल बघून ती सांगायची, कोण जीव तोडून खेळलं आणि कोण नुसताच उभा होता. मैदानात मात्र तिने कधी पाऊल ठेवलं नव्हतं. आमच्या घरच्या बायका जात नसत, आणि मलाही तिला विचारावंसं वाटलं नव्हतं. आज त्याची लाज वाटते.

पडद्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. थेट गोलपोस्ट गाठला आणि या खांबापासून त्या खांबापर्यंत पावलं मोजली.

"एवढा मोठा असतोय व्हय? मग तुमचा बॉल भाईर कसा जातोय?"

मी तिचा हात धरून तिला पडद्याकडे वळवू लागलो.

"मलाबी एक मारायची हाय."

"आई, लोकं बघत्यात."

"बघू देत की."

चपला काढून, पदर खोचून ती उभी राहिली. गोलकीपर पंचविशीतला होता. "मारा की मावशी," म्हणाला आणि मुद्दाम उलट्या बाजूला पडला. बॉल रांगत रांगत आत गेला. टाळ्या वाजल्या. आईचा चेहरा मात्र पडला.

"ह्यो गोल न्हाय. त्यानं सोडला."

"झालं की आता, चल," मी म्हणालो.

"तू गप." मग गोलकीपरला, "पावणं, कुठल्या पेठंचं?"

त्याने सांगितलं. ती पेठ म्हणजे आमचे हाडवैरी!

"मी मंगळवार पेठंची. आमच्या ह्यांनी तुमच्यावर लई गोल मारल्यात."

त्याचं हसू मावळलं. त्याने हातमोजे दातांनी घट्ट ओढले आणि गुडघ्यात वाकून उभा राहिला. आता मावशीबिवशी काही नव्हतं, समोर फक्त पेठ होती. आईने या खेपेला जोरात मारली, चांगली डाव्या खांबाशी. त्याने अंग झोकून दिलं आणि बोटांच्या टोकांनी बॉल बाहेर काढला.

"आरं, सोडायचा की म्हातारीला!" कुणीतरी ओरडलं.

आई धापा टाकत टाळ्या वाजवत होती. इतकं खूश मी तिला क्वचितच पाहिलं होतं.

घरी वडील गुडघा शेकत बसले होते. दारातूनच तिने सांगितलं, "अडवला त्यानं माझा!"

वडिलांनी शेकायची पिशवी बाजूला ठेवली. "कुठल्या कोपऱ्यात मारलीस?"

संसाराच्या तीस वर्षांत त्यांनी तिला खेळातलं काही विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. आई त्यांच्यासमोर मांडी घालून सांगायला बसली. चहा मी केला.