पंखाचा वाटा

आमच्या गावात कुणालाही उएलेसेबद्दल विचारा, सांगतील, भला माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. साफ खोटं. त्याने अकरा वर्षं डूख धरला होता. मला ठाऊक आहे, कारण मी त्याची शेजारीण, आणि त्याच्या बरोबरीने मीही तो धरला होता.

उएलेसेला पदवी नाही, म्हणजे घराण्याचं सरदारपद नाही. ज्याला पदवी नाही त्याने सामोआत सरदारांसाठी भट्टीचे दगड तापवायचे, अळूचे कंद सोलायचे, आणि सभेच्या घरात खांबापाशी न बसता मागे बसायचं. त्याने हे चाळीस वर्षं केलं. पण भाजलेलं डुक्कर कापावं ते त्यानेच. पाठीचं मांस मोठ्या सरदाराचं, मांडी सरदारांच्या वतीने बोलणाऱ्या वक्त्याची, मुंडी भट्टीवर राबणाऱ्यांची. तो कापणार आणि फिउ नावाचा वक्ता प्रत्येक वाटा नाव घेऊन मोठ्याने पुकारणार. वाटा चुकला की अपमान, आणि त्यापायी इथे डोकी फुटलेली आहेत.

मग राजधानीत, आपियात, कागदी बादलीतून तळलेली कोंबडी विकणारं ते लाल छपराचं परदेशी दुकान आलं. म्हाताऱ्या सरदारांनी आधी नाकं मुरडली. वर्षभरात तेच विचारायला लागले, "बादली आणली का?" आम्ही असेच. आजोबांच्या काळात बाहेरून डबाबंद मांस आलं, तर आज ते लग्नात आणि मयतात उंची चटयांच्या शेजारी मानाने मांडतात. कोंबडीने कुणाचं काय घोडं मारलं होतं? माझा राग कोंबडीवर नव्हताच. माझा राग मालाकीवर होता.

मालाकी ऑकलंडहून परतलेला, उएलेसेपेक्षा वीस वर्षांनी लहान. उएलेसेची आई गेली तेव्हा उएलेसेने तीन डुकरं भाजली, नारळाच्या दुधात अळूची पानं शिजवली. आणि मालाकी आला चाळीस बादल्या घेऊन. पाहुणे त्या बादल्यांवर तुटून पडले. डुकरं केळीच्या पानांवर गार झाली. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण त्याने बादलीतून एक पंख उचलून उएलेसेच्या हातावर ठेवला.

"घे म्हाताऱ्या. बिनपदवीच्याला हाडूकच शोभतं. खा, गार होईल."

लोक हसले. आई चार पावलांवर चटईत गुंडाळलेली होती. उएलेसेने तो पंख खाल्ला, कारण हातावर ठेवलेला वाटा नाकारला तर अपमान साऱ्या सभेचा होतो.

पुढच्या महिन्यात सरदारांची बैठक बसली. कोंबडी आलीच आहे तर तिला रीतीत बसवायला हवं, असं ठरलं. तीन दुपारी खल चालला. कुठला तुकडा कसा हे मालाकीलाच माहीत, म्हणून त्याने सांगितलं तसा नियम झाला. मांडी सरदाराची, तंगडी वक्त्याची, छातीचा तुकडा पाद्रीबाबांचा. आणि पंख? तो बिनपदवीच्यांचा. हे सांगताना तो उएलेसेकडे बघत होता. वाटायचं काम अर्थातच उएलेसेच्या गळ्यात पडलं.

तो वाटत राहिला. लग्नं, मयतं, नव्या चर्चचं उद्घाटन, कुठेच एक तुकडा इकडचा तिकडे केला नाही. मालाकी बादल्या पुरवायचा, पण स्वतः पंगतीत वाटा घ्यायला कधी बसायचा नाही. मी कधीतरी म्हणायची, "काका, विसरा आता."

"विसरेन की," तो म्हणायचा. "त्याचा वाटा त्याला दिला की लगेच विसरेन."

गेल्या ऑगस्टमध्ये मालाकीला त्याच्या घराण्याची पदवी मिळायची होती. मामाची जागा रिकामी झाली होती आणि ती मिळवायला त्याने कुणाचे पाय धरायचे बाकी ठेवले नव्हते. डुकरं नाहीत, नुसत्या साठ बादल्या. ऑकलंडचे नातेवाईक फोन उगारून चित्रण करत होते. मालाकी गळ्यात हार घालून खांबाला टेकून बसला होता. समोर आवाचं, म्हणजे मुळ्या कुटून केलेल्या मानाच्या पेयाचं, लाकडी भांडं तयार होतं. त्यातला प्याला नव्या नावाने पुकारायचा, मानकऱ्याने प्यायचा, आणि त्या घोटानंतर तो सरदार. त्याआधी तो कुणी नाही, आणि त्याआधी जेवणही नाही.

पण आमचे वक्ते! एक बसला की दुसरा उठे. सकाळच्या बादल्यांना घाम फुटला, कोंबडीचं कुरकुरीत आवरण लिबलिबीत व्हायला लागलं. नातेवाइकांसमोर अब्रू जाणार म्हणून मालाकी कासावीस झाला. त्याने खुणेने उएलेसेला बोलावलं.

"वाटायला घे."

"आधी प्याला होऊ दे ना, मालाकी."

"प्याला काय पळून जातोय? भट्टीवरचा माणूस तू, मला रीत शिकवणार? मुकाट वाट."

उएलेसेने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी चटईकडे बघत बसले, नाहीतर माझ्या चेहऱ्याने सगळं फोडलं असतं. एकदा सांगायचं होतं, ते त्याने सांगितलं होतं. दुसऱ्यांदा त्याने सांगितलं नाही.

त्याने वाटायला घेतलं. सरदारांच्याही पोटात कावळे ओरडत होते, कुणी हूं की चूं केलं नाही. फिउपुढे वाटा आला की तो पुकारतो, विचारत बसत नाही. मांड्या गेल्या, तंगड्या गेल्या. शेवटी उएलेसे मालाकीपुढे वाकला आणि दोन्ही हातांनी त्याने केळीचं पान ठेवलं.

फिउ अडखळला. पानाकडे पाहिलं, माणसाकडे पाहिलं. पण पानात जे असेल तेच पुकारावं लागतं.

"मालाकीचा वाटा. पंख."

साऱ्या घराच्या माना मालाकीकडे वळल्या.

"चूक झालीय," मालाकी म्हणाला. "मांडी आण."

"मांडी पदवीवाल्याची," उएलेसे म्हणाला. "तुझा प्याला व्हायचाय अजून. नियम तुझाच आहे, बाबा."

मोठ्या सरदाराने हातातली मांडी खाली ठेवली. मग म्हणाला, "वाटा पुकारला गेला. जेवणामागून प्याला होत नाही. पुढच्या वर्षी बघू." पोरांनी आवाचं भांडं उचलून नेलं. फोन अजून चालूच होते.

उएलेसे मालाकीच्या शेजारी मांडी घालून बसला. बादलीतून त्याने स्वतःसाठीही एक पंख घेतला.

"खा," तो म्हणाला. "गार होईल."

आणि मालाकीने खाल्ला. त्याला खावाच लागला. मी डोळे भरून बघितलं, हाडापर्यंत, आणि मला जराही दया आली नाही.

मालाकी उठून गेल्यावर उएलेसेने ते हाडूक पानात गुंडाळलं. उएलेसेच्या दारासमोरच त्याच्या आईचं थडगं आहे. तिथे ते ठेवून तो पायरीवर बसला. मी विचारलं, "काय काका, विसराल ना आता?"

"कशाला?" तो म्हणाला. "आता तर आठवायला मजा येईल."