एकाच नंबरच्या दोन नकला

भूत, भानामती, करणी, अंगात येणं… या सगळ्याची मी आयुष्यभर टिंगल केली. बायको दुकानाच्या दाराला लिंबू-मिरची बांधायची, मी तिला त्या मिरच्यांची भजी कर म्हणायचो. वय आता पंचाहत्तरच्या पुढे गेलंय, पण मधुमेह सोडला तर डोकं शाबूत आहे. तेव्हा खालची हकिगत म्हाताऱ्याचं बरळणं म्हणून सोडून देऊ नका, एवढंच सांगणं. वाचून झाल्यावर माझ्याबद्दल चांगलं मत राहील, अशी अपेक्षा मात्र नाही.

लिहायला निमित्त असं झालं — गेल्या महिन्यात नातीला स्थळ आलं. नातवाने मोबाईलवर मुलाच्या वडिलांचं नाव टाकलं आणि दोन मिनिटांत त्यांच्यावरच्या कोर्टातल्या केसेस समोर! एक चेक बाउन्सची, एक भाऊबंदकीची. घरातले सगळे खूश, काय सोय झालीय म्हणून. मी उठून गॅलरीत जाऊन बसलो. हेच काम या घरात पूर्वी मी करत होतो, हाताने.

आमचं मूळ मिरजेकडचं. आजोबांपासून हुबळीत भांड्यांचं दुकान, घर केशवापूरला. मी धारवाडला लॉ कॉलेजात दोन वर्षं घालवली आणि नापास होऊन दुकानात बसलो, पण कोर्टातल्या ओळखी राहिल्या. त्यामुळे आमच्या व्यापारी मंडळींत सोयरिकीआधी पत्रिका बघतात तसं गुपचूप 'कोर्ट बघून' यायची पद्धत पडली. ते काम माझ्याकडे. अर्ज करायचा, तिकीट लावायचं, मग रेकॉर्ड रूमचा कारकून जुनं रजिस्टर काढून समोर ठेवायचा. जवळ पेन ठेवायला बंदी, फक्त पेन्सिल. नोंद सापडली तर कारकून स्वतः अर्जाच्या पाठीवर नंबर आणि आरोपीचं नाव लिहून सही करायचा. त्यावर पुढे शिक्क्याची नक्कल मिळायची.

अशी चार लग्नं मी मोडली. कुणाकडून एक पैसा घेतला नाही. मला मजा यायची, खोटं कशाला बोलू. समोरचा माणूस रुबाबात सुपारी कातरत बसलाय आणि त्याच्या बापाची जुगाराची केस आपल्याला तोंडपाठ आहे… ते सुख वेगळंच होतं.

आणीबाणी उठल्यानंतरची गोष्ट. माझी धाकटी बहीण सुमन धारवाडला एम.ए. करत होती, सप्तापुरात मैत्रिणींबरोबर खोली घेऊन. तिथे तिला मारुती भेटला. कलघटगीच्या शाळेत मास्तर होता, बी.एड. करायला धारवाडला आलेला. मराठीच, पण अळणावरकडच्या खेड्यातला, मजुराच्या घरचा. वडील धोंडिबा वारलेले. आई रखमाबाई अजून लोकांच्या शेतात कामाला जायची. सुमनने घरी स्पष्ट सांगितलं, लग्न करीन तर याच्याशीच.

अप्पांनी — म्हणजे आमच्या वडिलांनी — आवाजसुद्धा चढवला नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात मला बाजूला घेऊन म्हणाले, "नको म्हटलं तर पळून जाईल. तिलाच नकोसा होईल असं काहीतरी शोध."

मी धारवाडला गेलो. रेकॉर्ड रूमच्या म्हाताऱ्या कारकुनाला सगळे रायरु म्हणत. आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूरमध्ये गेला त्या छप्पन सालापासूनची, शिक्षा झालेल्यांची रजिस्टरं मी मागवली. दोन दिवस धूळ खाल्ली. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला, खिडकीतून चांगलं ऊन आत येत असताना, नोंद सापडली. धोंडिबा परसराम, मजूर, गाव, तालुका सगळं जुळत होतं. देवळातल्या पितळी समया चोरल्या म्हणून तीन महिने सक्तमजुरी.

दारूबिरूची केस मिळाली असती तरी माझं भागलं असतं. इथे तर देवाच्या घरी चोरी! रायरुंनी चष्मा पुसला, नाव मोठ्याने वाचलं, अर्जाच्या पाठीवर लिहिलं आणि सही केली. "सिक्कनेन्री निम्म कळ्ळ?" असं हसून विचारलं, म्हणजे सापडला का तुमचा चोर. हौद्री, म्हटलं, होय, सापडला.

हे सुमनला एकटीला सांगता आलं असतं. पण मी अप्पांना सुचवलं की बोलणी करायला म्हणून मारुतीला आणि त्याच्या आईला घरी बोलवू. अप्पांना ते पटलं. रविवारी सकाळी दोघं आले. रखमाबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं, घडीच्या रेघा तशाच दिसत होत्या. कापडात बांधून गूळ आणि शेंगा आणल्या होत्या. आमचे काका, मामा, शेजारचे दोघं-तिघं असे दहाबारा जण बसले होते. सुमनने सगळ्यांना शिरा दिला. तिने केसांत अबोली माळली होती. सगळ्यांचं खाऊन होईपर्यंत मी थांबलो, आणि मग अर्जाच्या पाठीवरचं नाव, गुन्हा, शिक्षा असं सावकाश वाचून दाखवलं. मारुती इंग्रजी-कन्नड शिकलेला, पण आईला नीट कळावं म्हणून मी मुद्दाम मराठीत परत एकदा सांगितलं.

मामा हसले. मारुतीची मान खाली गेली. रखमाबाई मात्र उठून उभ्या राहिल्या.

"आमचं मानूस गरीब हुतं, चोर न्हवतं," त्या म्हणाल्या. "तुमी खोटं बोलतासा. शिक्क्याचा कागद दाखवा, मग मी मानीन."

"आणतो की," मी म्हणालो. अप्पांनी त्यांचा गूळ-शेंगांचं गाठोडं उचलून मारुतीच्या हातात परत दिला.

नक्कल मिळायला आठवडा लागला. कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहून मी ती उघडली. नंबर तोच. देवळातल्या समया त्याच, तीन महिने तेच. आरोपीच्या जागी नाव होतं ते माझ्या वडिलांचं. पूर्ण नाव, आजोबांच्या नावासकट. भांड्यांचे व्यापारी, राहणार हुबळी.

मी तसाच आत गेलो आणि रायरुंना रजिस्टर काढायला लावलं. त्यातही अप्पांचंच नाव. शाई जुनी, अक्षर सलग, खाडाखोड कुठेच नाही. रायरुंनी माझा अर्ज उलटा केला. पाठीवर त्यांच्याच अक्षरात, त्यांच्याच सहीवर 'धोंडिबा परसराम' होतं. त्यांनी तीनदा इकडून तिकडे पाहिलं. मग माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी लबाडी केलीय. रजिस्टर मिटलं आणि पुन्हा इथे यायचं नाही म्हणाले.

हुबळीला परत येताना बसमध्ये एक गोष्ट आठवली. मी पाचसहा वर्षांचा असताना अप्पा बरेच दिवस घरी नव्हते. मिरजेला काकांच्या दुकानात मदतीला गेलेत, असं आई सांगायची. आल्यावर त्यांचे केस बारीक कापलेले होते. त्या काळात अप्पा दर आठवड्याला भांडी घेऊन अळणावरच्या बाजाराला जायचे, मोड, म्हणजे जुनी फुटकी पितळ-तांब्याची भांडी, विकत घ्यायचे. याहून जास्त मला माहीत नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

घरी सांगितलं, नक्कल अजून तयार नाही. सुमन रोज विचारायची. "दादा, कागद आला का? नसेल तर त्यांची माफी माग." मी उद्या-परवा करत राहिलो. कागद माझ्या शर्टाच्या आतल्या खिशात होता. घरात कुठे ठेवायची भीती वाटत होती.

दहाएक दिवसांनी, भर दुपारी, रखमाबाई एकट्याच दुकानात आल्या. अप्पा गादीवर बसले होते, मी शेजारी. त्यांच्या हातात शिक्क्याचा कागद होता. धारवाडच्या एका वकिलाच्या हातापाया पडून त्यांनी स्वतःच नक्कल काढून आणली होती. मी ती घेतली. नंबर तोच, गुन्हा तोच, शिक्का तोच. आणि नाव? धोंडिबा परसराम. स्पष्ट.

"त्या वर्साला त्येनी लोंढ्याला लाकडाच्या कामावर गेलो हुतो असं सांगितलं हुतं," त्या म्हणाल्या. रडत नव्हत्या. "तीन म्हैने. मी खरं मानलं. त्येंचा फोटो काल भिताडावरनं काढला मी. तुमास्नी मी चारचौघांत खोटं पाडलं, त्येची माफी मागाय आलोय."

अप्पांनी हात पुढे केला, म्हणून मी कागद त्यांना दिला. चष्मा लावून ते खूप वेळ वाचत राहिले. चार ओळींना लागतो त्याहून फार जास्त वेळ. मग त्यांनी कागदाची घडी करून तो गादीखाली सरकवला. तेवढ्यात रखमाबाई खाली वाकल्या आणि त्यांनी अप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं.

माझ्या खिशात दुसरा कागद होता. हात तिथपर्यंत गेलाही होता. तो बाहेर काढला असता तर ती बाई ताठ मानेने घरी गेली असती, फोटो पुन्हा भिंतीवर लागला असता, आणि सुमनचं लग्न झालं असतं. मी हात खाली घेतला. चहा घेणार का, असं त्यांना विचारलं.

"असू दे बाई," अप्पा म्हणाले. "गेलेल्या माणसाचं काय मनाला लावून घ्यायचं."

पुढचं थोडक्यात सांगतो. मारुतीने सुमनला चिठ्ठी पाठवली की चोराच्या मुलाच्या घरात तुला आणणार नाही. नोकरी सोडून तो कुठेतरी निघून गेला. रखमाबाई दोन वर्षांनी वारल्याचं अळणावरच्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं. शेवटपर्यंत त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं नाही म्हणे. सुमनला आम्ही सांगलीच्या एका बिजवराला दिली. त्याचा स्वभाव कसा होता ते लिहीत नाही.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहिलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी अप्पा अंथरुणाला खिळले होते. एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होतो. तोंड पुसून घेतलं आणि छताकडे बघत त्यांनी विचारलं, "त्या बाईने आणलेल्या कागदावर तू कुणाचं नाव वाचलंस?"

मी चमचा वाटीत ठेवला. म्हणजे तिच्या कागदावर अप्पांना स्वतःचं नाव दिसलं होतं. ते वाचून, घडी करून, गादीखाली सरकवून, मग त्यांनी तिला पाया पडू दिलं होतं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की मीही तेच वाचलं असेल.

"धोंडिबाचं," मी म्हणालो. ते खरंच होतं.

"मग ठीक," म्हणाले आणि कुशीवर वळले. त्या रात्री त्यांना छान झोप लागली. आठवड्याने गेले.

माझ्या खिशातल्या कागदाबद्दल मी त्यांना बोललो नाही. दुकानातल्या गादीखालची नक्कल मी नंतर काढून घेतली. दोन्ही नकला आज माझ्या कपाटात आहेत. एकाच नंबरचा गुन्हा, एकच शिक्का, दोन माणसं. नातवाला नुसतं तोंडी सांगितलं, तर तो म्हणाला कारकुनाची चूक असेल, आजोबा. असेल. पण रजिस्टर मी स्वतः दोनदा पाहिलं होतं, त्याचं काय? आणि समया कुणी चोरल्या — धोंडिबाने, अप्पांनी, की दोघांनीही — हे मला आजतागायत समजलेलं नाही. नातू म्हणतो, दाखवा ते कागद, वाचतो. मी देत नाही. त्याला त्यात कुणाचं नाव दिसेल, सांगता येत नाही.

सुमन अजून सांगलीला असते, एकटीच. दर रविवारी फोन करते. मागच्या रविवारी तिने विचारलं, अप्पांचं श्राद्ध नीट झालं ना? म्हटलं, झालं.