जरा मीठ पाहजो

वर्ध्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी ऑपरेटिंग सिस्टीम शिकवते. मशीन एकच, त्यावर चालणारे प्रोग्रॅम ढीगभर, आणि प्रत्येकाला सगळं आत्ताच हवं असतं. कोणाला काय द्यायचं, कोणाला थांबवून ठेवायचं, हे जी सांभाळते ती ऑपरेटिंग सिस्टीम. पहिल्या तासाला मी एवढंच सांगते. पोरं माना डोलावतात आणि बाकाखाली मोबाइल बघत बसतात.

त्यातला डेडलॉकचा धडा मात्र माझा लाडका. एका प्रोग्रॅमने प्रिंटर धरून ठेवलाय आणि त्याला फाइल हवी आहे. दुसऱ्याने फाइल धरून ठेवलीय आणि त्याला प्रिंटर हवा आहे. हा म्हणतो तू सोड, तो म्हणतो तू सोड. भांडण नाही, तंटा नाही. दोघं गुमान एकमेकांची वाट बघतात आणि काम तिथेच अडतं. पुस्तकात यावर उपाय आहेत. मुळात असं होऊच द्यायचं नाही. झालंच तर एकाच्या हातातलं हिसकावून घ्यायचं, नाहीतर एकाला सरळ मारून टाकायचं. आणि आणखी एक, काही झालंच नाही असं दाखवायचं. हा उपाय अगदी गंभीरपणे छापलेला आहे. मला तो निव्वळ कामचुकारपणा वाटायचा आणि वर्गात मी त्याची यथेच्छ टिंगल करायचे.

आमचं घर केळझरच्या अलीकडे. बाबा वांगी, भेंडी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावतात, आई त्यांच्या बरोबरीने राबते. ती जन्मभर सगळ्यांच्या शेवटी जेवत आली. बाबांचं ताट उचलल्याशिवाय तिने घास घेतलेला मला आठवत नाही. साखरेच्या आजारासाठी जेवणाआधी इन्सुलिनची सुई सुरू झाली, तरी तिचा नेम मोडला नाही. एकदा वांगी तोडायला बाया आल्या होत्या. आईने सुई घेतली आणि सगळ्यांना वाढत बसली. भाकरी वाढता वाढता ती घामाने डबडबली आणि भिंतीला टेकून खाली घसरली. बाबांनी तिच्या तोंडात साखर घातली आणि आम्ही तिला सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. ती वाचली. सुईने साखर उतरते, म्हणून ती घेतली की लगेच जेवायचं, नाहीतर पुढच्या वेळी जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं.

घरी आल्यावर बाबांनी जाहीर केलं, "आता तू जेवल्याबिगर मी घास घेत नाई."

त्यांना वाटलं, आपण तोड काढली. झालं भलतंच. संध्याकाळी मी कॉलेजातून आले तर दोघं समोरासमोर, ताटं झाकलेली, आणि आईची सुई घेऊन झालेली.

"पयले तुमी," आई म्हणत होती.

"पयले तू."

"तुमी जेवा, मंग मी."

माझं डोकंच फिरलं. "हा डेडलॉक आहे!" मी ओरडले. "कॉम्प्युटरमध्ये असं झालं ना, तर दोघांतल्या एकाला मारून टाकतात!"

आईने घाबरून विचारलं, "कोनाले वं?"

"मलेच मारत असन," बाबा म्हणाले. "तुयी माय मरत नाई अन् जेवतबी नाई."

आई हसली, पण ताटावरचं झाकण काही उघडलं नाही. शेवटी मीच तिच्या तोंडात घास कोंबला. हिसकावून घेण्याचाच प्रकार तो. ती चावत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी अंगणात जाऊन बसले. रोज काय हेच करायचं? आणि मी घरी नसेन त्या दिवशी काय? मला फार भीती वाटत होती.

त्यानंतर काही दिवसांनी बाबा शेगडीपाशी उभे राहिले. "आजपासून झुणका माया हातचा," म्हणाले. आईने सुई घेतली, तसे ते वाटीभर झुणका आणि भाकर घेऊन तिच्याकडे आले.

"जरा मीठ पाहजो."

आईने एक घास घेतला. मीठ पाहणं म्हणजे काही जेवण नव्हे. नवऱ्याआधी जेवणार नाही ती, पण त्याच्या भाजीचं मीठ पाहायला नाही कसं म्हणेल?

"बरोबर हाय."

"एका घासात काय कयते? नीट पाह्य."

तिने आणखी एक घास घेतला, मग आणखी एक. असं करत अख्खी भाकर संपली. मग ती पदराला हात पुसत म्हणाली, "बसा आता तुमी जेवाले." आणि त्यांचं ताट उचलल्यावर नेमाप्रमाणे पुन्हा घासभर खायला बसली. मी दारात उभी होते. त्यानंतर हे रोजचंच झालं.

परवा रविवारी बाबांची घाई चालली होती. आईची सुई झाली होती आणि भाकर अजून तव्यावरच होती. आईने वाटी रिकामी केली, "बरोबर हाय" म्हणाली आणि बाबा जेवायला बसले. पहिल्याच घासाला थांबले. मी चाखून पाहिला. झुणका ठार अळणी होता, मीठ घालायचंच राहिलं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईने डोळे मोठे केले. मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले.

बाबांनी रिकाम्या वाटीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. तो अळणी झुणका त्यांनी पोटभर खाल्ला.

मीठ पाहण्याचं सोंग उघडं पडलं होतं, आता काय होतं म्हणून दुसऱ्या दिवशी मी धास्तावूनच घरी आले. आईची सुई झाली होती. बाबा वाटी घेऊन आले आणि तिच्यासमोर बसले.

"जरा मीठ पाहजो."

घास अजून तिच्या हातातच होता.

"बरोबर हाय," आई म्हणाली.