मामांच्या घरातला गारवा

थंडाव्याबद्दल आणि वीज वाचवण्याबद्दल माणसाला जेवढे म्हणून गैरसमज होऊ शकतात, ते सगळेच्या सगळे माझ्या धाकट्या मामांना एकट्याला झाले होते. आणि मी पडलो मालवणच्या शाळेत विज्ञान शिकवणारा भाचा! दिवसभर पोरांपुढे घसा कोरडा करायचा आणि संध्याकाळी मामांच्या दारापुढच्या खळ्यात सायकल लावून तोच धडा त्यांच्यापुढे पुन्हा सुरू करायचा. पोरं निदान परीक्षेपुरतं तरी लक्षात ठेवत. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट, पण तो शीण अजून गेलेला नाही.

मामा बाहेर जाताना पंखा चालू ठेवून जात. "मामा, खोलीत कोणी नाही," मी म्हणायचो. "खोली आसा मा! भिंती थंड रवाक नको?" पंखा भिंती गार करत नाही, आपल्या अंगावरचा घाम वाळवतो म्हणून आपल्याला बरं वाटतं, हे मी किती वेळा सांगितलं असेल, देव जाणे. शेवटी म्हणाले, "अरे, भिंतींका पण घाम येता. पावसात बघ." कपाळ माझं! एकदा स्वयंपाकघर गार करायला त्यांनी फ्रिजचं दार दुपारभर उघडं टाकलं. स्वयंपाकघर होतं त्याहून तापलं, दूध नासलं आणि मामींनी पुढे काही दिवस त्यांना नुसती पेज वाढली.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण एका मे महिन्यात मामांची लेक शकू मुंबईहून आली. ही त्यांची एकुलती एक. नवरा मोठा साहेब, घरी एअरकंडिशन. नातवाच्या अंगावर घामोळं फुटलं, पोर रात्रंदिवस किरकिरलं आणि जावई अगदी शांतपणे म्हणाले, "इथे मेमध्ये लहान मुलाला ठेवणं शक्यच नाही हो." महिनाभरासाठी आलेली माणसं आठवड्याच्या आत एस्टीत बसली. त्यांना पोचवून मामा स्टँडवरून आले ते जेवलेसुद्धा नाहीत. गणपती झाल्यावर मात्र ते पणजीला गेले आणि मोडीत निघालेल्या कुठल्याशा लॉजमधला एसी टेम्पोत घालून घेऊन आले. "फुडच्या मे म्हयन्यात शकू म्हयनोभर रवतली," एवढंच म्हणाले.

आता आमच्याकडची घरं कशी? कौलारू. खोल्यांच्या भिंती दीड पुरुष उंच जातात आणि थांबतात. वर आढ्यापर्यंत सगळं मोकळं, वारा या खोलीतून त्या खोलीत फिरावा म्हणून. असल्या खोलीत मामांनी एसी बसवला. मी म्हटलं, "मामा, गारवा भिंतीवरून पलीकडे जाईल, कौलांतून बाहेर जाईल." म्हणाले, "जावंदे. मशीन मोठा आसा, सगळ्या घराक पुरतला." बटण कायम शेवटच्या आकड्यावर. टोकाला नेलं की लवकर गार होतं, अशी त्यांची ठाम समजूत. हा आकडा म्हणजे वेग नव्हे, कुठवर गार करायचं ती खूण, हे मी बटणावर बोट ठेवून समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बटण टोकालाच राहिलं. ऑक्टोबरच्या उकाड्यात ते यंत्र पिठाच्या गिरणीसारखं घरघरत होतं, शेजारपाजारचे दिवे मिणमिणत होते आणि खोली होती तश्शी तापलेली. गार काय झालं म्हणाल, तर खोबरेलाची बाटली. ती मामांनी मुद्दाम एसीच्या तोंडाशी ठेवलेली. तेल थिजलं की आल्यागेल्यासमोर उलटी करायचे. "बघ! थेंब पडता काय?"

एसीला वीज पुरावी म्हणून घरातले दिवे घालवायची टूम त्यांचीच. अहो, घरभरच्या दिव्यांनी मिळून जेवढी वीज लागते त्याच्या कितीतरी पट तो एकटा खातो! पण आम्ही आपले काळोखात बसून, बांगड्याचे काटे बोटांनी चाचपत जेवतोय. मामी एकदा म्हणाल्या, "मेल्यार तरी दिवो लावतले मा?" मामा काळोखातच हसले.

माझं त्यांनी आयुष्यात एकच ऐकलं. शिमगा झाल्यावर गोणपाटं शिवून, त्यावर ताडपत्री घालून खोलीला छत केलं. शिवायलाही मीच, हे सांगायला नको. आणि काय सांगू, खोली खरंच गार पडली! मामांनी लहानशी गादी भरून घेतली, वर मच्छरदाणी बांधली. पोराला थंडी वाजेल म्हणून मामींनी गोधडी शिवली. मे महिन्यात, मालवणात, गोधडी!

मे लागला. एका दुपारी नाक्यावरच्या दुकानात मुंबईचा फोन आला म्हणून मामा धावत गेले. संध्याकाळी मी पोचलो तर मामी पडवीत बसलेल्या. म्हणाल्या, "शकू माथेरानाक जाता. जावयांनी आधीच ठरवल्यानी. आता तूच सांग तेंका मशीन बंद करूक. माझा आयकनत नाय."

मी आत गेलो. मच्छरदाणीशेजारच्या खुर्चीत मामा शाल पांघरून बसले होते.

"मामा, आता कुणासाठी चालू ठेवलाय? बंद करूया."

"बंद केला काय फिरून सुरू करताना जास्त वीज खाता," ते म्हणाले. "त्यापरास चालूच परवडता." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माथेरानाक माणसा किती दिस रवतली रे? मधीच मनात इला, तर येतली शकू. आनी इली तर खोली तापलेली नको."

याचं उत्तर मला तोंडपाठ होतं. फळा असता तर आकृती काढून दाखवली असती. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना.

"होय मामा," मी म्हटलं, "चालूच परवडतं."

आणि बाहेर येऊन दार घट्ट ओढून घेतलं, आतला गारवा जाऊ नये म्हणून.