मंगलाताईंची स्थळं आणि आमच्या क्वेरी

ऑफिस बंद होऊन इतकी वर्षं झाली, तरी आम्ही जुने लोक भेटलो की एखादा किस्सा निघतोच. त्यात घडलेलं किती आणि आम्ही वाढवलेलं किती, आता सांगता येत नाही!

दोन हजार सालानंतरचे दिवस. भाईंदर पश्चिमेला एका गाळ्यात आमचं सॉफ्टवेअरचं छोटं ऑफिस: सामंत सर, सुषमा आणि मी. मोठं गिऱ्हाईक एकच, मंगलाताईंचं वधूवर सूचक मंडळ. ताईंचा फोन वाजला की मला खुर्चीत बसवायचं नाही.

पहिल्याच दिवशी ताई म्हणाल्या, "रत्नागिरी आणि रायगडची मुलं दाखव." मी क्वेरीत, म्हणजे कॉम्प्युटरला विचारायच्या प्रश्नात, दोन्ही जिल्हे 'अँड'ने जोडले. स्क्रीन कोरी!

"एकही नाही? कोकण ओस पडलं काय रे?"

सर मागून ओरडले, "गाढवा, तू एकाच वेळी दोन्ही जिल्ह्यांतला मुलगा मागतोयस! त्यांना दोन्हीकडचे सगळे हवेत. 'ऑर' टाक!"

*

सरांचा मंत्र एकच: "एकेक माणूस बघत बसू नकोस, अख्खा घोळका बघ." एकदा घाईघाईत मी मुलींचा घोळका मुलांच्या घोळक्याला जोडला, पण कशावरून जोडायचा ती अटच विसरलो. प्रत्येक मुलीसमोर मंडळातला प्रत्येक मुलगा! प्रिंटर थांबेचना. मी येरझाऱ्या घालतोय, इतक्यात ताई हजर. एक पान वाचून म्हणाल्या, "अरे, मी लग्नं जुळवते, जत्रा नाही भरवत!"

*

मग ताईंना नोकरीवाली सून 'नको' म्हणणारे वगळून बाकीचे हवे होते. दिले. दुसऱ्या दिवशी जवळच्या तारोडी गावाहून एक काका तावातावाने आले.

"माजा पोरगा हाय का न्हाय यादीत?"

नव्हता. त्यांनी फॉर्मवर तो रकाना कोराच सोडलेला. सर समजावायला लागले, "काका, कोरं म्हणजे 'नको' नाही, आणि 'चालेल'पण नाही. क्वेरी अशांना सोडूनच देते."

"मग इचारायचं ना! पोरगा मुका हाय काय?"

 

*

एकदा ताईंनी सुषमालाच धरलं. "तुझ्या अटी सांग बघू."

तिने स्वतःच क्वेरी लिहायला घेतली. भाईंदरमधलाच हवा: बरेच आले. पदवीधर: निम्मे गळले. निर्व्यसनी: मोजकेच उरले. मग तिचे हात थांबले.

"ताई, बाबा गेल्यापासून आईला माझ्याशिवाय कोणी नाही. ती माझ्यासोबतच राहणार. हे कुठल्या रकान्यात शोधू?"

असा रकानाच नव्हता. आम्हाला कोणालाच सुचला नव्हता.

ताईंनी उरलेली नावं बघितली आणि सरळ फोन उचलला. एकजण म्हणाला, "घरी विचारून सांगतो." दुसऱ्याने फोनच ठेवून दिला. सुषमा "राहू द्या ना ताई" म्हणत होती, पण नखं कुरतडत तिथेच उभी. मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलो.

मग भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकमधला एकजण. ताईंनी तेच विचारलं. स्पीकर चालू होता.

"त्यांना पत्ते खेळता येतात का? आमच्या आईला दुपारी जोडीला कोणी नसतं."

ताई काही बोलायच्या आत सुषमा फोनवर वाकली आणि म्हणाली,

"येतात! पण आई रडीचा डाव खेळते!"