साडूंची माचिस

विडी-सिगारेटला उभ्या जन्मात न शिवता रोज खिशात माचिस घेऊन फिरणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकच आहे, आणि दुर्दैवानं म्हणा की सुदैवानं, तो माझा साडू लागतो. माझ्या थोरल्या मेहुणीचे हे यजमान पाटबंधाऱ्याच्या कचेरीतून निवृत्त झाले. त्यांच्या सात पिढ्यांत मागावर कोणी बसलेलं नाही. तरी कोसा रेशमाबद्दल ते अशा अधिकारानं बोलतात, की किडा कोष विणण्याआधी यांचा सल्ला घेत असावा. करवती काठाचं कोसा लुगडं दिसलं की साडूंचा हात आधी पदराकडे जातो आणि मग खिशाकडे. पदराचा एक धागा ओढायचा आणि पेटवायचा. केस जळल्यासारखा वास आला, राख बोटांत चुरली, तर कोसा खरा. धागा वितळून काळा टणक मणी झाला, तर नकली. एवढी साधी परीक्षा, पण तिनं आमच्या नातेवाइकांतली निम्मी लग्नं बेचव केली आहेत.

एकदा सिहोऱ्याला जाताना एसटीत त्यांनी पुढच्या सीटवरच्या अनोळखी बाईंना अदबीनं विचारलं, “बाई, पदराचा एक धागा देता का जी?” बाईंनी कंडक्टरला हाक मारली. साडूंनी त्याला सगळं शास्त्र समजावलं. सिहोरा आलं तेव्हा त्याच बाई खाली उतरून, “पाहा बरं मंग जी, दुकानदारानं फसवलं का मले,” म्हणत पदर पुढे करून उभ्या होत्या आणि कंडक्टर घंटी द्यायचं विसरला होता.

एका मंडळानं त्यांचा सत्कार केला, तेव्हा ‘अस्सल रेशमी’ शाल पांघरली. प्रमुख पाहुणे आपल्या थोर वस्त्रपरंपरेवर इतका वेळ बोलले, की साडूंना स्टेजमागे जाऊन यायला सवड मिळाली. उत्तराच्या भाषणात त्यांनी चिमटीत काळा मणी धरून दाखवला आणि एवढंच म्हणाले, “परंपरा वितळली जी.” पुन्हा त्यांचा सत्कार झालेला नाही.

मग त्यांच्या एकुलत्या लेकीचं लग्न ठरलं. स्थळ लाखांदूरकडचं, धानाची शेती, माणसं मायाळू. विहीणबाईंनी सुनेसाठी स्वतः हिंडून करवती लुगडं आणलं. “भंडाऱ्याची पोरगी, म्हणून कोसाच घेतला जी,” असं त्या ज्याला त्याला सांगत होत्या. मेहुणीनं सकाळीच नवऱ्याच्या खिशातली माचिस काढून माझ्या हाती दिली. “भाऊजी, आज हे जपा. पोरीचा संसार हाय.” मी जपली. पण मांडवामागे आचाऱ्याची भट्टी धडधडत होती, हे आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही. लुगड्याचा धागा चिमटीत धरून साडू तिकडे वळलेले दिसले आणि मी धावत पोचलो, तेव्हा त्यांच्या तळहातावर एक बारीक काळा मणी होता.

ते मांडवात परतले. त्यांची कीर्ती लाखांदूरला आधीच पोचली होती, त्यामुळे बायकांनी आधी त्यांच्या बोटांकडे पाहिलं. विहीणबाई लुगडं छातीशी धरून म्हणाल्या, “काय म्हणते जी मग, व्याहीबुवा?”

साडूंनी मूठ मिटली. “असली हाय, विहीणबाई. एकदम असली.” एवढ्यावर न थांबता त्यांनी बोटं हुंगूनही दाखवली.

पहिल्या दिवाळीला लेक तेच लुगडं नेसून माहेरी आली. फराळाला बसल्यावर हळूच म्हणाली, “बाबा, हा कोसा नाही.”

“तुले कोणं सांगितलं?”

“नेसतानाच हाताले समजलं. तुमचीच पोरगी आहो ना मी.”

“मंग बोलली काहून नाही?”

“तुम्ही असली म्हणलं, मंग मी कायले बोलू? सासूबाई गावभर सांगून राहिल्या, व्याह्यानं पारखून देल्ला म्हणून. देवळात बी हेच नेसून चल म्हणतात.”

साडूंचा हात सवयीनं खिशात गेला. माचिस बाहेर आली. त्यांनी लेकीच्या पदराकडे जरा वेळ पाहिलं आणि उठून अंगणातल्या पणत्या लावायला घेतल्या. एका पणतीला तीन काड्या लागल्या.