सातव्या गाण्यावरचं मत

बुद्धरत्नला आमच्या ग्रुपवर सगळे रतनभाऊ म्हणतात. ग्रुप व्हॉट्सअ‍ॅपवरचा, एकशे चाळीस जणांचा, आणि त्याचा अ‍ॅडमिन मी, सनी. चिंचवड स्टेशनजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. पिंपरी, भोसरी, निगडी, चाकण अशी कुठकुठली रॅप ऐकणारी मंडळी ग्रुपवर आहेत. बहुतेक कंपनीतली, थोडी आयटीतली, दोन रिक्षावाले आणि एक दातांचा डॉक्टर. नव्वदच्या दशकातला एक अमेरिकन अल्बम या सगळ्यांचा जीव की प्राण. त्याचं खरं नाव मी सांगत नाही. नाव घेतलं की वाद सुरू होतो, आणि मला रतनभाऊची हकीकत सांगायची आहे. वरचं कव्हर नुसतं काळं, म्हणून आम्ही त्याला ‘काळी कॅसेट’ म्हणतो.

रतनभाऊ चव्वेचाळीस वर्षांचा. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर. वडील साहेबराव पिंपरीतल्या कंपनीत तीन पाळ्या करायचे, घर नेहरूनगरला, दोन खोल्यांचं. शहाण्णव साली पिंपरी कॅम्पातल्या एका दुकानदाराने “हे कुणी घेत नाही, तूच ने” म्हणून ही कॅसेट त्याच्या हातात ठेवली. तेव्हा तो पंधरा वर्षांचा, मराठी शाळेत शिकणारा. एक ओळ कळेल तर शपथ. त्याने काय केलं, टेप थांबवत, मागे घेत, ऐकू येईल तसं देवनागरीत लिहून काढलं. मग डिक्शनरी घेऊन बसला. शाळेतले इंग्रजीचे सर म्हणाले, “अरे, ही भाषा इंग्रजी नाहीच.” तरी याने हट्ट सोडला नाही. दीड वर्षात बाराही गाणी तोंडपाठ. तेव्हा अख्ख्या पिंपरीत ही कॅसेट आपल्या एकट्याकडेच होती, असं तो आजही सांगतो. खोटं ठरवायला कोणी उरलेलं नाही.

त्यामुळे ग्रुपवर त्याचा शब्द शेवटचा. डॉक्टर म्हणायचे, चौथं गाणं सगळ्यांत भारी, कारण ढोल. रिक्षावाला सोनबा म्हणायचा, “पहिली तीन ऐकायची नि बंद करायचं राव, पुढं नुसतं भाषण.” आयटीतली पोरं म्हणायची, अल्बम चांगला आहे पण डोक्यावर जरा जास्तच घेतलाय. दोनदोनशे मेसेज पडायचे. मग पहिली पाळी सुटल्यावर रतनभाऊ यायचा, एक लांबलचक मेसेज टाकायचा, आणि सगळे अंगठे देऊन गप्प. सातव्या गाण्याबद्दल त्याचं मत ठरलेलं होतं. ‘सातवं भरतीचं. बीट नाही, दम नाही, गायकाचा घसा बसल्यासारखा आवाज. कॅसेटची बाजू भरायला घातलेलं.’ आठ-नऊ वर्षं आम्ही सगळे हेच म्हणत आलो.

गेल्या वर्षी अल्बमला तीस वर्षं झाली. जो तो आपापल्या आवडत्या गाण्यावर बोलला. त्याच आठवड्यात ग्रुपवर तेजल आली. कुरुळीची, चोवीस वर्षांची, डिप्लोमा करून चाकणच्या कंपनीत ट्रेनी. तिने तीन मिनिटांचा आवाजी मेसेज टाकला.

ती म्हणाली, “सातव्या गाण्याला सगळे नावं ठेवतात, पण मला वाटतं, त्याचा घसा बसलेला नाहीये. तो हळू बोलतोय. पहिल्याच ओळीत बापाचे बूट दाराशी आहेत म्हणतो. म्हणजे बाप कामावरून आलाय आणि आतल्या खोलीत झोपलाय. आमचे पप्पा रात्रीची थर्ड शिफ्ट करून यायचे ना, तेव्हा दिवसभर आम्ही सगळे असंच बोलायचो. भांडणसुद्धा कुजबुजत. या गाण्यात ढोल नाही, कारण ढोल वाजला तर बाप उठेल. मला तर हे सगळ्यांत रागाचं गाणं वाटतं. ओरडायची सोय नसलेल्या माणसाचं.”

मी दुकानात होतो. हातातला मोबाइल तसाच उघडा ठेवला आणि गाणं लावलं. संपल्यावर पुन्हा लावलं. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर बदामांचा पाऊस. डॉक्टरांनी लिहिलं, ‘इतकी वर्षं आपण काय ऐकत होतो?’ सोनबाने लिहिलं, ‘माझा बाप पण तिसऱ्या पाळीला असायचा. ताई, रडवलंस.’

रतनभाऊचा मेसेज आला नाही.

त्याच्या मनात काय झालं ते त्याने मला पुढे महिन्याभराने सांगितलं. पहिला विचार आला तो हा की ही पोरगी जन्मली नव्हती तेव्हापासून मी हे ऐकतोय. दुसरा विचार जास्त वाईट होता. साहेबरावही तिसरी पाळी करून यायचे. दुपारी वडील आतल्या खोलीत झोपलेले, आई जाईबाई भांडं खाली ठेवतानाही दोन्ही हातांनी ठेवणार, आणि हा टेपचा आवाज अगदी बारीक करून, कान लावून हीच कॅसेट ऐकणार. हेच सातवं गाणं. दाराशी बापाचे बूट. ती ओळ त्याने स्वतःच्या हाताने लिहून काढलेली होती. आणि त्याला काही म्हणजे काही सुचलं नव्हतं.

“ते माझं होतं रे सनी,” तो म्हणाला. “माझ्या घरात होतं. ती येऊन घेऊन गेली.”

त्यावर कडी केली वहिनींनी. रतनभाऊची बायको अंजली, आमच्या वहिनी, अंगणवाडीत शिकवतात. लग्नाला अठरा वर्षं झाली, आणि अठरा वर्षं त्यांनी जेवताना, फिरताना, सासरी-माहेरी काळ्या कॅसेटवरची व्याख्यानं ऐकलेली. हा स्वयंपाकघरात उभा राहून तेजलचा मेसेज तिसऱ्यांदा ऐकत होता. वहिनी कणीक मळत होत्या. त्यांचे हात थांबले. मेसेज संपल्यावर म्हणाल्या, “अहो, कोण आहे ही? तुम्ही काय ऐकता ते आज कळलं मला.”

तो चप्पल घालून बाहेर पडला.

पुढचे आठ दिवस त्याचं कशातच लक्ष लागेना. तेजलने काही लिहिलं की तो आधी खालचे बदाम बघायचा आणि मग मजकूर. तिने चौथ्या गाण्यावर लिहिलं, चांगलं लिहिलं. नवव्यावर लिहिलं, त्यात एक शब्द चुकला होता, तर याला दिवसभर बरं वाटलं. आपल्या जुन्या मेसेजना किती अंगठे पडले होते ते तो मागे जाऊन जाऊन बघू लागला. तेवढ्यात तीस वर्षांच्या निमित्ताने माझ्या दुकानावरच्या खोलीत पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी सगळ्यांनी जमून अल्बम सलग ऐकायचं ठरलं. कोणीतरी सुचवलं, सुरुवातीला तेजलताईंनी बोलावं. सगळ्यांनी होकार दिला. आम्ही असे जमलो की दर वेळी सुरुवातीला रतनभाऊ बोलायचा. मीही होकार दिला. खरं सांगतो, माझ्या ते ध्यानातच आलं नाही.

आता याच्या कामाबद्दल एक सांगतो. दोन वर्षांपूर्वी याने तीनशे नगांचा एक अख्खा लॉट अडवून ठेवला होता. सुपरवायझर म्हणत होता, रीडिंग जरा इकडचं तिकडं कर, गाडी उभी आहे. याने सही केली नाही. वाढीव पगार गेला तरी चालेल, म्हणाला. असा माणूस. त्या माणसाने तेजलचं बोलणं इंग्रजीत उतरवलं, कुठल्याशा परदेशी वेबसाइटच्या पानासारखं सजवलं, वर सोळा वर्षांपूर्वीची तारीख घातली आणि त्याचा फोटो काढला. नवीन सिमकार्ड घेतलं, ग्रुपच्या लिंकवरून भलत्याच नावाने ग्रुपवर आला आणि तो फोटो टाकून खाली लिहिलं, ‘ताईंचं मत छानच आहे. पण कुठून आलंय तेही बघून घ्या.’

तासाभरात ग्रुप फिरला. ज्यांनी बदाम दिले होते तेच म्हणाले, वाटलंच होतं. तेजलने लिहिलं, ‘मी हे कुठेही वाचलेलं नाही. हे पान मला शोधूनही सापडत नाही.’ कोणीतरी उत्तर दिलं, ‘काढून टाकलं असेल.’ सोनबा तेवढा म्हणाला, “पोरीनं बापाचं सांगितलंय राव, ते कुठून चोरंल?” त्याचं कोणी ऐकलं नाही. मीही ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तेजल ग्रुप सोडून गेली.

रतनभाऊला वाटलं होतं, आता मोकळं वाटेल. दोन दिवस वाटलंही. त्याने सातव्या गाण्यावर पुन्हा एक मेसेज टाकला, ‘मी आधीपासून सांगत होतो.’ सगळ्यांनी अंगठे दिले. तो ते अंगठे बघत कॅन्टीनमध्ये बसला आणि ताट तसंच ठेवून उठला.

तिसऱ्या दिवशी तेजलचा त्यालाच मेसेज आला. ‘रतनदादा, ग्रुपवर तुम्हाला सगळ्यात जास्त कळतं. तुम्हीच बघून सांगाल का, मी चोरी केली का ते? तुम्ही बोललात तर लोक ऐकतील.’

पाळी सुटल्यावर त्याने गाडी कुरुळीकडे वळवली. घर विचारत विचारत पोचला. ओट्यावर तेजलची आजी गवराबाई शेंगा फोडत बसलेली.

“कुणाकडं आलाय?”

“तेजलकडे. ग्रुपवरचा आहे मी. बुद्धरत्न.”

“म्हंजी त्यो गान्यांचा गुरुप? बसा की. च्या ठेवायला सांगते.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “पोरगी चार दिस झालं धड जेवली न्हाई. कुणी तरी चोर म्हणलं म्हनं तिला. आमच्या घरात आजवर कुनी कुनाची काडी उचलली न्हाई बगा.”

आतून तेजलचे वडील दादासाहेब आले. त्यांनी खुर्ची पुसून दिली. “तुम्ही मुद्दाम आलात, बरं वाटलं,” म्हणाले. “मला त्यातलं काही कळत नाही साहेब, पण माझ्या झोपेवर पोरीनं एवढं बोललेलं ऐकलं आणि कसंतरीच झालं. आम्हाला वाटायचं, पोरं आपली शहाणी, दंगा करत नाहीत.”

तेजल बाहेर आली. तिचा चेहरा याला बघून उजळला. त्याच चेहऱ्याने आपल्याला मारलं, असं रतनभाऊ म्हणतो. चहा कसाबसा संपवला आणि तो म्हणाला, “जरा रस्त्यापर्यंत येतेस का?”

गाडीपाशी आल्यावर त्याने सांगून टाकलं. “ते पान मी बनवलं. सिमही माझंच.”

तिला आधी कळलंच नाही. “म्हणजे?”

“असं पान कुठेच नाही. मी खोटं केलं.”

समोरून कंपनीची बस गेली, मागोमाग दोन कंटेनर गेले.

“का पण?”

“ते मला सुचायला हवं होतं,” तो म्हणाला. “माझे वडीलही तिसऱ्या पाळीला होते.”

“मग ग्रुपवर सांगायचं ना, की माझेही होते!” तिचा आवाज चढला. “दादा, मला किती आवडलं असतं! मी तुमचे जुने सगळे मेसेज वाचलेत. तुमच्याशी बोलायला म्हणून मी ग्रुपवर आले होते.”

“मला माफ कर.”

“नाही,” ती म्हणाली. “आत्ता नाही. आणि हे मी कोणाला सांगणार नाही. तुम्ही सांगायचं. तुमच्या नावाने.” आणि मागे वळून घराकडे गेली.

घरी जाऊन त्याने आधी वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, “लिहा. मी इथंच बसते.” त्याने लिहिलं. लांब नाही, पाच ओळी. काय केलं, कसं केलं, आणि शेवटी, ‘मला तिचा हेवा वाटला.’

ग्रुपवर मग जे सुरू झालं ते मी इथे लिहीत नाही. डॉक्टरांसारखा सभ्य माणूस वाटेल ते बोलला. मलाही राग आवरेना, मी त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. त्या रागात माझी स्वतःची लाजही होती, कारण खातरजमा न करता मीही तिला चोर ठरवलं होतं. तेजलला फोन करून माफी मागितली. ती परत ग्रुपवर आली, पण पूर्वीसारखं लिहीना.

रविवारच्या कार्यक्रमाला दोन दिवस राहिले तेव्हा तिचा फोन आला. “सनीदादा, रतनदादांना बोलवा.”

“माफ केलंस?”

“माफीचं मला माहीत नाही. पण नवव्या गाण्यातला एक शब्द ते वेगळा म्हणतात आणि मी वेगळा. तुमच्यापैकी कोणाला त्यावर भांडता येतं का? नाही ना? मग बोलवा.”

रतनभाऊ आला. सगळ्यांत मागे, जिन्याजवळ बसला. बरेच जण त्याच्याशी बोलले नाहीत, सोनबाने तेवढी पाण्याची बाटली पुढे केली. तेजलने सुरुवात केली, अल्बम लागला. सातव्या गाण्याला तीस-पस्तीस माणसं अशी बसली होती की पंख्याचा आवाज येत होता. नववं झाल्यावर मी गाणं थांबवलं. तेजल उभी राहून म्हणाली, “इथे ‘डोअर’ म्हणतो तो. दार.”

मागून रतनभाऊ म्हणाला, “डोअर नाही, फ्लोअर. मजला.”

पंधरा मिनिटं दोघं भांडली. चार वेळा ती ओळ लावली. शब्द रतनभाऊचाच बरोबर निघाला. पण त्या शब्दाने ओळीचा अर्थ काय होतो हे तेजलने सांगितलं, आणि ते त्याच्या इतक्या वर्षांच्या अर्थापेक्षा सरस होतं. त्याने मान डोलावली आणि खाली बसला. टाळ्या तिला पडल्या.

ग्रुपवर मी त्याला पुढे दोन महिन्यांनी घेतलं. आता तो कमी लिहितो. परवा दुकानात चार्जरची पिन बदलायला आला होता.

“काल तेजलने पाचव्या गाण्यावर टाकलं ते वाचलंस?” त्याने विचारलं.

“वाचलं. तुला कसं वाटलं?”

“चांगलं आहे. एकही चूक नाही. मी तीनदा शोधली.” पिन बसल्यावर त्याने चार्जर लावून बघितला. मग म्हणाला, “अजून दुखतं रे. तिचा मेसेज दिसला की सकाळी आधी त्याला बदाम द्यायचा आणि मगच कामाला निघायचं, असं ठरवलंय. नाहीतर दिवसभर देणं होत नाही.”